कॅम्पर व्हॅनच्या छतातील पंख्याचे वायरिंग

कॅम्पर व्हॅनमधील, म्हणजे आत राहण्याची सोय केलेल्या गाडीतील, विजेच्या कामांत छतातल्या हवा खेचणाऱ्या पंख्याचे काम सोपे समजले जाते. दोन तारा, एक फ्यूज आणि एक पंखा एवढाच त्याचा पसारा असतो, हे खरे आहे. परंतु या दोन तारा छताचा पत्रा आणि आतले अस्तर यांच्यामधून जातात, मे महिन्याच्या उन्हात तापतात, पावसाळ्यात त्यांच्याभोवती ओल धरते आणि गाडी जितका वेळ चालते तितका वेळ त्या हादरे खात राहतात. अस्तर एकदा बसले की तेथे पुन्हा हात पोहोचत नाही. म्हणून जो भाग झाकला जाणार आहे तो सर्वांत चांगल्या सामानाने करावा आणि झाकण्यापूर्वी मीटरने तपासावा, असा माझा आग्रह आहे. पुढील सर्व सूचना या आग्रहातूनच आलेल्या आहेत.

उदाहरणासाठी पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारखी, पोलादी पत्र्याच्या छताची गाडी आपण घेऊ. आपल्याकडे कॅम्पर व्हॅन तयार करण्यासाठी ही गाडी अनेक जण निवडतात. तिच्यात राहण्याच्या भागासाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी, छतावर सौर पॅनेल आणि आत एक फ्यूज पेटी बसवलेली आहे, असे धरू. पंख्यासाठी छताला चौकोनी भोक पाडावे लागते. अमेरिकी पद्धतीच्या पंख्यांना १४ इंच बाय १४ इंच, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर बाजूचे भोक लागते, तर युरोपात ४०० मिलिमीटरचे माप रूढ आहे. भोक पाडण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करून घ्यावी, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यास मनाई करते.

आधी व्होल्टेज आणि बॅटरी यांची ओळख

पंखा विकत घेण्यापूर्वी गाडीची वीज किती व्होल्टची आहे हे पाहावे. ट्रॅव्हलर, मोटारी आणि लहान व्हॅन १२ व्होल्टवर चालतात, तर मोठ्या बस आणि ट्रक यांच्यात बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. जुन्या बसचे घर करताना त्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढून घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. असे केल्याने एक बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना मिळून एकत्र होते. परिणामी उतरलेली बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते आणि दोन्ही लवकर निकामी होतात. अशा गाडीत २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवावा किंवा २४ व्होल्टचाच पंखा घ्यावा.

गाडी ज्या बॅटरीवर सुरू होते त्या बॅटरीला पंखा जोडू नये. रात्रीचे गणित मांडले की कारण कळते. सर्वांत कमी वेगावर अर्धा अँपिअर घेणारा पंखा दहा तासांत ५ अँपिअर-तास खर्च करतो, पण तोच पंखा सर्वांत जास्त वेगावर ४ अँपिअर घेत असेल तर दहा तासांत ४० अँपिअर-तास जातात. स्टार्टरची बॅटरी थोड्या वेळासाठी खूप मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते आणि असे खोल उतरणे तिला सोसत नाही, त्यामुळे सकाळी एखाद्या घाटमाथ्यावर गाडी सुरूच होत नाही. राहण्याच्या भागाची १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असली तरी तिचा निम्माच साठा वापरावा, असा संकेत आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ऐंशी टक्क्यांपर्यंत साठा सहज वापरता येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती निम्म्याहून पुष्कळच खाली येते. पंख्याच्या नियमाप्रमाणे ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे रात्रभर मंद वेगाने चालणारा पंखा बॅटरीच्या दृष्टीने फारसा जड नसतो.

पंख्याच्या लेबलवर तीन गोष्टी पाहाव्यात. त्याचा कमाल प्रवाह किती आहे, तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो आणि उत्पादकाने किती अँपिअरचा फ्यूज सांगितला आहे. यातील मधली गोष्ट सहसा कोणी वाचत नाही. १२ व्होल्टची म्हणवली जाणारी यंत्रणा चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्टच्या आसपास असते, तेव्हा पंखा ते व्होल्टेज सोसणारा असला पाहिजे.

तार किती जाडीची घ्यावी

घरातील २३० व्होल्टच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला ४ अँपिअर म्हणजे काहीच नाही असे वाटते आणि तो एक चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी आहे असे सांगतो. तापण्याच्या दृष्टीने ती खरोखरच पुरते. अडचण येते ती व्होल्टेज घटण्याची. घरात अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर कोणाला कळतही नाही, पण १२ व्होल्टमधून एक व्होल्ट गेला तर पंखा मंदावतो आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला पंखा बॅटरी थोडी उतरताच बंदही पडू शकतो.

हिशेब साधा आहे. फ्यूज पेटीपासून पंख्यापर्यंत तारेचा प्रत्यक्ष मार्ग ६ मीटरचा असेल तर वीज जाऊन परत येते, म्हणून लांबी १२ मीटर धरावी. मार्ग मोजताना सरळ रेषेतले अंतर घेऊ नये. खांबातून वर चढणे, फासळ्यांना वळसा घालणे आणि दोन्ही टोकांना सोडलेली जादा तार हे सर्व धरून दोरीने मोजावे. लवचीक तांब्याच्या वायरचा रोध १ चौरस मिलिमीटरला दर मीटरमागे सुमारे १९.५ मिलिओहम, १.५ ला १३.३ आणि २.५ ला ८ मिलिओहम असतो. त्याला १२ मीटर आणि ४ अँपिअर यांनी गुणले की घट मिळते. एकच्या वायरमध्ये सुमारे ०.९४ व्होल्ट, दीडच्या वायरमध्ये ०.६४ आणि अडीचच्या वायरमध्ये ०.३८ व्होल्ट वाटेतच संपतात. टक्क्यांत सांगायचे तर अनुक्रमे जवळजवळ आठ, सव्वापाच आणि तीन टक्के. हे आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो आणि तार ६० अंशांवर असेल तर ही घट साधारण सोळा टक्क्यांनी मोठी होते. छताखालच्या तारेसाठी ही शक्यता नुसती कागदावरची नाही.

तीन टक्क्यांच्या आसपास घट राहावी, असे धोरण ठेवले तर आपल्या उदाहरणात अडीचची वायर योग्य ठरते. मार्ग तीन मीटरच असेल तर दीडची चालेल. अडीच आणि दीड यांच्या किमतीतला फरक एवढ्या लांबीला किरकोळ असतो. पुढे त्याच छतात दुसरा पंखा किंवा दिवा घ्यावासा वाटला तर अडीचच्या वायरचा उपयोग होतो, म्हणून मी स्वतः अडीचचीच निवड करीन.

वायर बहुतारी, म्हणजे मल्टिस्ट्रँड, आणि शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात मिळते. तिची तार चाकूने खरवडली की आत पांढरा धातू दिसतो आणि त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध बराच जास्त असतो. साध्या घरगुती पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. छताच्या पत्र्याला लागून जाणाऱ्या तारेसाठी वाहनांकरिता बनवलेली, १०५ अंश सोसणारी वायर मिळाली तर तीच घ्यावी. गाडी कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ उभी राहणार असेल तर कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर घेणे शहाणपणाचे आहे, कारण खाऱ्या दमट हवेत उघडे तांबे टोकापासून काळे पडत आत जाते आणि अशा काळ्या तारेवर जोड धरत नाही.

फ्यूज कशासाठी आणि कोठे

फ्यूज पंख्याच्या रक्षणासाठी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. खरे तर शाखेचा, म्हणजे फ्यूज पेटीतून पंख्याकडे जाणाऱ्या तारेचा, फ्यूज त्याच्या पुढच्या तारेचे रक्षण करतो. पंख्याच्या आतील इलेक्ट्रॉनिक पाटीचे (सर्किट बोर्डचे) रक्षण करण्यासाठी उत्पादक बहुधा वेगळा लहान फ्यूज देतो किंवा शाखेच्या फ्यूजची कमाल मर्यादा सांगतो. ती मर्यादा सांगितलेली असेल तर तिच्यापुढे जाऊ नये. सांगितलेली नसेल तर कमाल प्रवाहाच्या सव्वापट धरून त्याच्या लगतचा वरचा फ्यूज घ्यावा. ४ अँपिअरच्या पंख्याला सव्वापटीने ५ येतात, म्हणून ५ किंवा ७.५ अँपिअरचा फ्यूज योग्य. पात्याच्या फ्यूजमध्ये ५ चा रंग फिकट तपकिरी, ७.५ चा गडद तपकिरी, १० चा लाल आणि १५ चा निळा असतो. तपकिरी फ्यूज संपला म्हणून हाताशी असलेला निळा लावणे ही चूक आहे. अडीचची वायर १५ अँपिअर सोसेल, पण पंख्याच्या स्वतःच्या बारीक तारा सोसणार नाहीत.

फ्यूज नेहमी पॉझिटिव्ह तारेत आणि विजेच्या उगमाकडच्या टोकाला बसवावा. पंख्याजवळ छतात बसवलेला फ्यूज खाली सहा मीटर तार संरक्षणाविना सोडतो. ती तार वाटेत कोठेही पत्र्याला घासून टेकली तर प्रवाह त्या फ्यूजमधून जातच नाही आणि तार पेटते. याच कारणाने बॅटरीपासून फ्यूज पेटीकडे जाणाऱ्या जाड तारेलाही तिचा स्वतःचा मोठा फ्यूज हवा आणि तो पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. आवरण निघालेली तार पत्र्याला टेकली तर लिथियम बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. राहण्याच्या भागात गाद्या, पडदे आणि लाकडी फळ्या असतात, याचे भान ठेवून हा मुख्य फ्यूज आधीपासून आहे की नाही ते पाहिल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये.

निगेटिव्ह तारेबद्दल दोन मते आहेत. मोटारीच्या मूळ वायरिंगमध्ये गाडीचा सांगाडाच परतीचा मार्ग असतो आणि अनेक ऑटो इलेक्ट्रिशियन त्याच सवयीने पंख्याची काळी तार जवळच्या फासळीला स्क्रूने पिळून टाकतात. छताच्या फासळ्या पुष्कळदा चिकटद्रव्याने आणि वेल्डिंगच्या थोड्या ठिपक्यांनी जोडलेल्या असतात, त्यांच्यावर रंग असतो, पंख्याभोवती घाम धरतो आणि त्या स्क्रूखाली गंज चढतो. फायबरच्या बॉडीत तर हा मार्गच नसतो. म्हणून पॉझिटिव्हइतक्याच जाडीची निगेटिव्ह तार सोबत आणून निगेटिव्ह बसबारवर, म्हणजे सर्व निगेटिव्ह तारा जेथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर, लावावी आणि बसबार सांगाड्याला एकाच ठिकाणी जोडलेला असावा. वायरिंग कोणाकडून करून घेणार असाल तर हा मुद्दा आधीच स्पष्ट सांगावा.

वीज तोडणे आणि तार ओढणे

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे सर्वांना ठाऊक असते, पण राहण्याच्या गाडीत विजेचे उगम एकाहून अधिक असतात. सर्वप्रथम सौर पॅनेल त्याच्या कंट्रोलरपासून, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारे चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्रापासून, तोडावे. पॅनेल जोडलेले राहू देऊन आधी बॅटरी काढली तर काही कंट्रोलर बिघडतात. नंतर बाहेरून येणारी २३० व्होल्टची केबल काढून घ्यावी, कारण चार्जर चालू असेल तर बॅटरी काढल्यावरही १२ व्होल्टची फ्यूज पेटी जिवंत राहू शकते. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून तिचे टोक कापडाने गुंडाळून बाजूला बांधावे. काम संपल्यावर उलट क्रमाने, म्हणजे बॅटरी आधी आणि पॅनेल शेवटी, असे जोडावे. वीज गेली की नाही हे घरातल्या निऑनच्या टेस्टरने पाहू नये. १२ व्होल्टला तो पेटतच नाही, त्यामुळे जिवंत तारही मृत वाटते. मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोजावे.

छत कापण्याचे काम तार ओढण्यापूर्वी उरकावे. पत्रा कापताना उडणारा लोखंडी कीस तारेच्या आवरणात रुततो आणि जेथे पडतो तेथे गंजतो. तो लोहचुंबकाने व झाडून पूर्ण काढावा आणि कापलेल्या कडांना गंजरोधक प्रायमर लावून वाळू द्यावा. कापण्यापूर्वी आतले अस्तर थोडे सैल करून मागे काय आहे ते पाहावे. ट्रॅव्हलरच्या छतात दिव्यांच्या तारा आणि वातानुकूलन असल्यास त्याच्या नळ्या असतात. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा असलेल्या गाडीत त्यांच्या मार्गातून किंवा त्यांच्या पुढून तार मुळीच नेऊ नये.

तारेचा मार्ग सामान्यतः फ्यूज पेटीपासून मागच्या एखाद्या खांबात, तेथून वर छताच्या कडेला आणि मग फासळ्यांमधून पंख्याच्या भोकापर्यंत असा असतो. आधी एक कडक जीआय तार, तिचे टोक वाकवून बोथट करून, पंख्याच्या बाजूने खाली सोडावी. तिला वायर बांधून हळू ओढावी. अडकली तर जोर लावू नये, मागे घेऊन पुन्हा ओढावी, कारण पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून जोराने ओढलेल्या वायरचे आवरण आतल्या आत सोलले जाते आणि ते बाहेरून कळत नाही. जेथे तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारे कडे, हवे. उरलेल्या लांबीवर नालीदार लवचीक पाइप चढवावा आणि दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर तो क्लिपने किंवा केबल टायने बांधावा. लोंबती तार प्रत्येक खड्ड्यात पत्र्यावर आपटते. २३० व्होल्टच्या तारा याच बाजूने जात असतील तर त्यांचा पाइप वेगळा ठेवावा. पुढे जेथे कपाटे, पडद्यांच्या पट्ट्या किंवा पंख्याची आतली चौकट स्क्रूने बसणार आहे त्या जागांपासून तार दूर असल्याचे आताच पाहावे आणि अस्तर लावण्यापूर्वी मार्गाचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवावे. दोन वर्षांनी फळी ठोकताना त्याची किंमत कळते.

पंख्याच्या भोकापाशी सुमारे ३० सेंटिमीटर तार जादा सोडावी. पंखा कधी काढावा लागला तर तो खाली घेऊन सुटा करता यावा, हा त्यामागील हेतू आहे. ही जादा तार जोडाकडे येण्याआधी खालच्या बाजूला किंचित झोळ देऊन बांधावी. पुढेमागे चौकटीच्या कडेने पाणी झिरपलेच तर ते तारेवरून ओघळत झोळाच्या तळाशी टपकते आणि जोडापर्यंत पोहोचत नाही.

जोड

साऱ्या कामात सर्वाधिक वेळ येथे द्यावा. छतातील पंख्याच्या तक्रारींचे मूळ शोधत गेले की पंख्याच्या मोटारीपेक्षा या दोन जोडांपाशीच ते बहुतेकदा सापडते.

तारा पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणे ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि छतात ती चालणार नाही. उन्हाने टेपचा चिकटपणा वितळतो, टेप सरकते, आणि हादऱ्यांनी पीळ सुटतो. केवळ डाग देऊन (सोल्डर करून) केलेल्या जोडालाही माझा विरोध आहे, कारण वितळलेले कथिल धाग्यांमध्ये चढत जाऊन तारेचा काही भाग काडीसारखा कडक करते आणि जेथे कडक भाग संपून लवचीक सुरू होतो त्याच रेषेवर हादऱ्यांनी धागे तुटत जातात. आवरणात पाते रुतवून चालू तारेतून फाटा काढणारे झटपट कनेक्टरही टाळावेत.

योग्य मार्ग क्रिंपिंगचा, म्हणजे तारेवर धातूची नळी पकडीने दाबून बसवण्याचा, आहे. वायरच्या जाडीला जुळणारी थिंबल (तारेच्या टोकाला बसणारी) किंवा बट कनेक्टर (दोन तारा समोरासमोर जोडणारी नळी) घ्यावा. वायरचे आवरण सहा-सात मिलिमीटर सोलावे आणि सोलताना एकही धागा तुटू देऊ नये. तीन धागे तुटले म्हणजे तेवढी तार बारीक झाली. उघडे धागे पूर्ण आत गेल्यावर रॅचेट असलेल्या क्रिंपिंग पकडीने दाबावे. साध्या पकडीने चेपलेली थिंबल वरून घट्ट दिसते, पण आत धागे मोकळे असतात. दाबल्यावर वायर हाताने चांगली ओढून पाहावी. निघाली तर ती टेबलावर निघाली याचे समाधान मानून पुन्हा करावी. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे उष्णतेने आकसणारी नळी, चढवून गरम करावी. कडेने गोंदाचा बारीकसा कणा बाहेर आला की जोड पाण्यापासून बंद झाला असे समजावे.

पंखा आणि छतातील तार यांच्यामध्ये कायमचा जोड करण्यापेक्षा दोन पिनांचा, खाच असलेला वाहनातला प्लग बसवावा, असे माझे ठाम मत आहे. पंखा बदलताना तार कापावी लागत नाही आणि उलटा लागण्याचा संभवही राहत नाही. बॅटरीकडच्या बाजूला झाकलेला, म्हणजे भोकांचा भाग लावावा, म्हणजे प्लग सुटा असताना जिवंत धातू उघडा राहणार नाही.

रंगांवर विसंबू नये. आपल्याकडे वाहनात लाल म्हणजे पॉझिटिव्ह आणि काळा म्हणजे निगेटिव्ह अशी सवय आहे, परंतु अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत १२ व्होल्टच्या भागात काळी तार पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असणे नेहमीचेच आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आणि जुनी आरव्ही, म्हणजे राहण्याची मोठी गाडी, घेऊन स्वतः दुरुस्त करणाऱ्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे. पंख्याचे माहितीपत्रक आणि मीटर यांच्या साह्याने ध्रुवता ठरवावी. साधी ब्रशची मोटार उलट जोडली तर फक्त उलटी फिरते, पण वेगनियंत्रण, थर्मोस्टॅट किंवा पावसाची जाणीव असलेल्या पंख्याची इलेक्ट्रॉनिक पाटी उलट जोडणीने जळू शकते. याच कारणाने अशा पंख्याची दिशा बदलण्यासाठी बाहेरून ध्रुवता उलटवणारा स्विच बसवू नये. दिशेचे बटण पंख्यावरच असते. वेगळा चालू-बंद स्विच हवाच असेल तर तो डीसीसाठी प्रमाणित असलेला घ्यावा आणि पॉझिटिव्ह तारेत बसवावा.

झाकण्यापूर्वीची तपासणी

पंखा न जोडता आणि फ्यूज न लावता प्रथम छतातील दोन्ही तारांमध्ये कंटिन्यूइटी, म्हणजे त्या कोठे एकमेकींशी जोडल्या गेल्या आहेत का, ते मीटरने पाहावे. मीटर वाजला तर कोठेतरी तारा एकमेकींना टेकलेल्या आहेत. नंतर पॉझिटिव्ह तार आणि गाडीचा पत्रा यांच्यात तसेच पाहावे. तेथेही आवाज येता कामा नये. ही चाचणी करताना तार थोडी हलवत, ओढत राहावे, म्हणजे सोललेले आवरण असेल तर ते उघडकीस येते. मग दोन्ही तारा फ्यूज पेटीत आणि बसबारवर घट्ट कराव्यात, बॅटरी जोडावी, फ्यूज लावावा आणि छतातील प्लगवर व्होल्टेज व ध्रुवता मोजावी.

येथे अनेक जण थांबतात आणि प्लगवर पूर्ण व्होल्टेज दिसले म्हणून अस्तर लावून टाकतात. भार नसताना एकाच धाग्यावर लोंबणारा जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही. म्हणून पंखा जोडून सर्वांत जास्त वेगावर चालवावा आणि त्याच वेळी एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा पंख्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजावे. दोहोंतला फरक आपल्या हिशेबाच्या जवळ, म्हणजे आपल्या उदाहरणात साधारण ०.४ व्होल्ट, आणि बॅटरी ते फ्यूज पेटी या भागाची थोडी भर, एवढाच असावा. फरक एक व्होल्टच्या वर गेला तर मीटरची एक सळई प्रत्येक जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे ठेवून त्या एकट्या जोडावर किती व्होल्ट पडतात ते पाहावे. चांगल्या जोडावर ही संख्या व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. ज्या जोडावर ती दशांशाच्या पहिल्या घरात जाते तो कापून पुन्हा करावा. पंखा अर्धा तास पूर्ण वेगाने चालू ठेवून शेवटी प्रत्येक जोडाला आणि फ्यूजच्या खाचेला हात लावून पाहावा. कोमट लागणारा जोड आज चालत असला तरी ठेवू नये.

हवेची दिशा पाहण्यासाठी उदबत्ती पुरते. एक खिडकी थोडी उघडी ठेवून पंखा बाहेर फेकण्याच्या दिशेने लावला की धूर सरळ छताकडे ओढला गेला पाहिजे. खिडकी उघडण्याची सूचना केवळ चाचणीपुरती नाही. सर्व बंद ठेवून पंखा चालवला तर आत हवेचा दाब कमी होतो आणि गॅसवर चालणाऱ्या हीटरच्या किंवा गीझरच्या धुराड्यातून ज्वलनाचा वायू उलटा आत खेचला जाऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून गॅसचे उपकरण असलेल्या गाडीत त्याचा गजर करणारे यंत्र असलेच पाहिजे.

पंखा सुरूच झाला नाही तर तारेवर संशय घेण्यापूर्वी झाकण पूर्ण उघडले आहे का ते पाहावे, कारण अनेक पंख्यांत झाकण बंद असताना मोटार फिरू न देणारा स्विच असतो. त्यानंतर पंख्याच्या आतील लहान फ्यूज पाहावा. भार नसताना १२ व्होल्ट आणि पंखा चालू करताच जवळजवळ शून्य, असे दिसले तर जोड सैल आहे. फ्यूज लावताच उडत असेल तर पंख्याचा प्लग सुटा ठेवून नवा फ्यूज लावावा. तरीही उडाला तर दोष तारेत आहे, आणि नाही उडाला तर पंख्यात. काही महिन्यांनी पंखा मंदावला आणि बॅटरी चांगली असेल तर निगेटिव्ह बाजूचा जोड आधी तपासावा.

अस्तर लावल्यावर फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस पंख्याची खाच, फ्यूजचे अँपिअर, वायरची जाडी आणि तारेचा मार्ग चिकटपट्टीवर लिहून लावावा व त्याच रंगाचे दोन सुटे फ्यूज तेथेच ठेवावेत. पहिला लांबचा प्रवास झाल्यावर फ्यूज पेटीतील आणि बसबारवरील स्क्रू एकदा आवळून घ्यावेत. तांब्याचे धागे दाबाखाली बसत जातात आणि नवा स्क्रू पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडा सैल होतो. त्याच वेळी पूर्ण वेगावरचे व्होल्टेज पुन्हा मोजून पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहावे.